पंचवीस वेळा उमललेलं एक फूल

फाल्गुन लागला की नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडच्या आजूबाजूच्या बालाघाटाच्या माळावर पळस पेटतो. खडकाळ उतार, वाळलेलं कुसळ, पाण्याचा मागमूस नाही, आणि अशा करड्या रानात पान न् पान झडलेलं एक झाड केशरी होऊन उभं असतं. त्याचं एक फूल उचलून तळहातावर घ्या. खाली काळपट, मखमली पेला. त्यातून बाहेर आलेली पोपटाच्या चोचीसारखी बाकदार पाकळी. पाकळीवर उन्हात चमकणारी बारीक चंदेरी लव. संस्कृतात पळसाला 'किंशुक' म्हणतात. हा पोपट तर नव्हे, असा प्रश्नच त्या नावात दडलेला आहे.

आता समजा, हेच फूल तुमच्यासमोर कागदावर आहे. जाड, पांढरा, किंचित खरबरीत कागद. त्यावर काळ्या रेषांनी उमटलेली पळसाची डहाळी. चित्राभोवती कागद चौकोनात आत दबलेला आहे, जणू कुणी त्यावर लोखंडी ठसा दाबला असावा. चित्राखाली उजव्या हाताला पेन्सिलीनं चित्रकाराची सही आणि साल. डाव्या हाताला, तितक्याच बारीक अक्षरात, एक अपूर्णांक: ७/२५.

गणिताच्या वहीत शोभेल असा हा आकडा फुलाच्या चित्राखाली काय करतोय? पंचवीसपैकी सातवं? म्हणजे हे मूळ चित्र की नक्कल? आणि नक्कल असेल तर पंचवीसवरच का थांबायचं, पंचवीस हजार का नाही छापायची? या एका आकड्यामागे तांबं, आम्ल, जवसाचं तेल, कापूस आणि माणसाचा शब्द एवढं सगळं उभं आहे.

खाचेत राहणारी शाई

या चित्रप्रकाराला एचिंग म्हणतात. आर्ट स्कूलची मुलंही हाच शब्द वापरतात. मराठी पुस्तकांत 'अम्लरेखन' असाही शब्द सापडतो आणि तो अर्थाला नेमका आहे: आम्लानं काढलेली रेषा.

धातूवर कोरणं आपल्या भागाला नवं नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, आणि हे लट्टलूर म्हणजे आजचं लातूर, असं इतिहासकार मानतात. त्या राजांनी दिलेली दानं तांब्याच्या पत्र्यांवर कोरली जात. ताम्रपटात पत्रा हाच शेवटचा मजकूर असतो. तो वाचायचा आणि पिढ्यान् पिढ्या जपायचा.

मुखेडहून उदगीरच्या पलीकडे बीदर लागतं. तिथले बिदरीचे कारागीर जस्त आणि थोडं तांबं यांच्या मिश्रधातूवर फुलं-वेली कोरतात आणि खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात. मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून भांड्यावर चोळतात. धातू काळाकुट्ट होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. काळ्या सुरईवर चांदीचं अफूचं फूल उमलतं आणि शेकडो वर्षं तिथंच राहतं.

एचिंगमध्येही खाच तशीच असते, पण तिच्यात चांदीऐवजी शाई भरतात. ती शाई तिथं राहायला आलेली नसते. कागद दाबला की ती कागदावर उतरते. खाच पुन्हा रिकामी होते, पुन्हा भरायला तयार. ताम्रपटाचा पत्रा म्हणजे लेख आणि बिदरीचं भांडं म्हणजे दागिना. एचिंगचा पत्रा म्हणजे माता. तिच्यापासून चित्रं जन्माला येतात आणि ती स्वतः कुणाच्या भिंतीवर जात नाही.

आपल्या नेहमीच्या ठशाच्या बरोब्बर उलट हे काम आहे. रबरी शिक्क्यावर किंवा कापड छापायच्या लाकडी ठशावर शाई लागते ती वर आलेल्या भागाला. इथं वरचा भाग स्वच्छ पुसून टाकतात आणि चित्र उमटतं ते दरीतून.

आम्लाची लेखणी

आपण आपल्या पळसाचा पत्रा घडवू. तांब्याचा सपाट पत्रा घ्यायचा, आरशासारखा घासायचा. कडा कानशीनं उतरत्या करायच्या, नाहीतर दाबाखाली त्या कागद कापतील. मग पत्रा गरम करून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर पसरायचा. थंड झाल्यावर तो घट्ट बसतो. आता या थरावर पोलादी सुईनं चित्र काढायचं.

सुई इथं तांबं कोरत नाही. ती फक्त मेण बाजूला सारते आणि खालचं तांबं उघडं करते. म्हणून हात कागदावर चालावा तसा मोकळा चालतो. तांबं छिन्नीनं कोरायला सोनाराचं मनगट लागतं. एचिंगच्या सुईला मात्र एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत पानाफुलांचं चित्र काढलेला कुठलाही हात पुरतो. पाकळीची वळणं, पेल्याचा जाडसर देठ, लवेच्या बारीक रेघा, सगळं काळ्या थरावर तांबूस चमकतं.

मग पत्रा द्रावणात सोडायचा. तांब्यासाठी आज बहुतेक ठिकाणी फेरिक क्लोराइडचं तपकिरी द्रावण वापरतात. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना ते चांगलं माहीत आहे, कारण सर्किट बोर्डावरचं नको असलेलं तांबं त्याच द्रावणानं काढतात. द्रावणातलं लोह तांब्याचे कण सोडवून घेतं आणि उघड्या रेषा हळूहळू खोल होत जातात. मेणाखालचं तांबं शाबूत राहतं. खाचेत गाळ साचून काम अडू नये म्हणून पत्रा पुष्कळदा पालथा किंवा टांगून ठेवतात. जस्ताचा पत्रा असेल तर पातळ नायट्रिक आम्ल वापरतात. त्यात रेषांवर बुडबुडे धरतात आणि चित्रकार ते पक्ष्याच्या पिसानं अलगद बाजूला सारतो. तेजाबासारख्या जहाल द्रवावर हलक्या हातानं फिरणारं पीस बघणाऱ्याच्या कायमचं लक्षात राहतं.

इथं एक गोष्ट थक्क करते. या चित्रात रेषेची जाडी हात ठरवत नाही, वेळ ठरवते. सगळ्या रेषा एकाच सुईनं, एकाच दाबानं काढलेल्या असतात. काही मिनिटांनी पत्रा बाहेर काढायचा, धुवायचा आणि पाकळीवरच्या लवेच्या रेघा वार्निशनं बुजवायच्या. त्या तेवढ्याच उथळ राहिल्या, म्हणून छापताना फिकट येतील. पत्रा पुन्हा द्रावणात. थोड्या वेळानं पाकळीच्या कडा बुजवायच्या. शेवटी नुसता देठ आणि मखमली पेला द्रावणात राहतो, सगळ्यात खोल जातो आणि सगळ्यात काळा छापतो. म्हणजे लवेची रेघ थोड्या मिनिटांची आणि देठाची रेघ पुष्कळ मिनिटांची. उष्णतेनं ही क्रिया वेग घेते, त्यामुळे आपल्याकडच्या वैशाखातली मिनिटं आणि पौषातली मिनिटं सारखी धरून चालत नाही. चित्रकाराला हवामानाचाही हिशेब ठेवावा लागतो.

ही विद्या चित्रकारांनी शोधलेली नाही. युरोपात चिलखतांवर आणि शस्त्रांवर नक्षी काढणारे कारागीर आम्लानं लोखंड कोरत असत. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या डॅनिएल होप्फर या नक्षीकारानं साधारण १५०० च्या सुमारास त्याच रीतीनं लोखंडी पत्रे करून त्यांवरून कागदावर चित्रं छापली. साल घातलेलं सर्वांत जुनं एचिंग १५१३ सालचं, उर्स ग्राफ या चित्रकाराचं. नक्षीकाराची वाट चित्रकारानं धरली, ती अशी.

पत्र्यावर काढलेलं सगळं कागदावर आरशातल्यासारखं उलटं येतं. डावीकडे झुकलेली डहाळी छापल्यावर उजवीकडे झुकते, अक्षरं उलटी होतात. रेम्ब्रांटसारखा महान चित्रकारही यातून सुटला नाही. १६५० साली त्यानं एका शंखाचं एचिंग केलं. सही त्यानं आठवणीनं उलटी कोरली म्हणून ती सुलट छापली, पण शंख जसा दिसला तसाच काढला. परिणामी छापलेल्या चित्रात शंखाचा पीळ निसर्गात असतो त्याच्या उलट दिशेला फिरतो.

राळेची धूळ आणि वेरूळची लेणी

रेषा झाल्या. पण पळसाच्या पेल्याची मखमल रेषांनी कशी दाखवायची? त्यासाठी अ‍ॅक्वाटिंट आहे. बंद पेटीत राळेची बारीक धूळ उडवतात आणि पत्र्यावर बसू देतात. पत्रा खालून तापवला की राळेचा प्रत्येक कण वितळून जागच्या जागी चिकटतो. आता द्रावण कणांच्या मधल्या सूक्ष्म फटींतूनच तांबं खातं. छापल्यावर तिथं पाण्यात रंग पसरावा तशी मऊ छटा येते. भिंगाखाली पाहिलं तर ती छटा म्हणजे काळ्या जाळीत विखुरलेले असंख्य पांढरे ठिपके असतात.

याच रीतीनं मराठवाड्याची एक ओळख जगभर गेली. वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्यं १८०३ साली लंडनमध्ये अ‍ॅक्वाटिंटमध्ये छापून निघाली. मूळ रेखाटनं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची आणि छपाईची देखरेख थॉमस डॅनिएल या इंग्रज चित्रकाराची. वेल्स पुण्यात काम करत असे आणि त्याच्याबरोबर गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार होता. गंगारामनंही वेरूळला जाऊन लेण्यांची रेखाटनं केली. आडनाव तांबट, आणि ज्या लेण्यांसाठी त्यानं कागद रंगवला ती लेणी शेवटी तांब्याच्या पत्र्यांवरूनच जगासमोर गेली.

एचिंगमध्ये आणखी एक रीत आहे, मुलांना दाखवावी अशी. मेणाच्या थरात थोडी चरबी मिसळली की तो मऊच राहतो, वाळत नाही. त्यावर खरं पान ठेवून यंत्रातून दाबायचं. पान उचललं की त्याच्या शिरांना चिकटून मेण वर येतं आणि तेवढं तांबं उघडं पडतं. मग द्रावण त्या शिराच खाचांमध्ये उतरवतं. ज्या पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर आपण पिढ्यान् पिढ्या जेवलो, त्याच्या शिरा कुणीही न काढता, पानानं स्वतःच तांब्यावर उमटवलेल्या असतात.

जवस, कापूस आणि रसवंती

पत्रा तयार झाला, पण चित्र अजून जन्मलेलं नाही. त्यासाठी शाई हवी. एचिंगची काळी शाई म्हणजे काजळीसारखा बारीक कार्बन आणि आटवलेलं जवसाचं तेल. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच जवस. वर्तमानपत्राच्या शाईपेक्षा ही शाई कितीतरी घट्ट, डांबरासारखी ओढ असलेली.

पत्रा थोडा गरम करून त्यावर शाई चोळतात, ती प्रत्येक खाचेत शिरेपर्यंत. मग पुसायचं. खळ घातलेल्या जाळीदार मलमलीची पुरचुंडी करून ती गोल फिरवत वरची शाई काढायची, पण खाचेतली काढायची नाही. शेवटचा हात तळहाताचा. तळहाताला खडूची पूड लावून पत्र्यावरून तो हलका, वेगानं फिरवतात. कसलेल्या माणसाच्या तळहातानं तांबं लखलखतं आणि रेषांमध्ये शाई तशीच बसून राहते. कुठं जरा जास्त पुसलं तर पाकळी उजळते. कुठं शाईची पुसट साय राहू दिली तर पेल्याभोवती संध्याकाळ उतरते. हे सगळं प्रत्येक प्रतीसाठी पुन्हा पहिल्यापासून करायचं.

कागद शक्यतो कापसाचा. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. कापसाचे तंतू लांब, चिवट आणि टिकाऊ असतात. ज्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं एनएचएच-४४ हे संकरित वाण दिलं, त्या जिल्ह्यातल्या माणसाला कापसाच्या तंतूची महती वेगळी सांगायला नको. कागद आधी भिजवतात आणि टिपकागदात ठेवून दमट करतात. ओलीनं तंतू सैल होतात आणि दाबाखाली पत्र्याच्या बारीकात बारीक दरीत शिरू शकतात.

एचिंगचं यंत्र कसं असतं? रसवंतीवर जा आणि चरक बघा. दोन जड रूळ, बाजूला मोठं चाक, आणि मधून जाणारा ऊस पिळून निघतो. एचिंगच्या यंत्रात रुळांमधून एक सपाट लोखंडी पाट सरकतो. त्यावर पत्रा, पत्र्यावर दमट कागद, कागदावर लोकरीच्या दोन-तीन जाड घड्या. चाक फिरवलं की पाट रुळांखालून जातो, आणि घड्या कागदाला पत्र्याच्या दरीदरीत ढकलतात.

मग शांतता. लोकर बाजूला केली जाते. कागदाचे दोन कोपरे चिमटीत धरून तो हळूहळू उचलतात, आणि तांब्यापासून सुटताना शाईचा चिकट, बारीक आवाज येतो. कागद वर येतो आणि त्याच्या पोटावर पळस असतो. काल जे फूल माळावर होतं, ज्याच्या रेषा आज तांब्यात दरी होऊन बसल्या होत्या, ते इथं शाईची बारीक भिंत होऊन उभं राहतं. हो, भिंत. एचिंगची शाई कागदावर सपाट बसत नाही, ती किंचित वर उचललेली असते, कारण ती दरीच्या आकाराची ओतीव प्रत असते. कागदावर बोट फिरवायची परवानगी मिळाली तर ती हाताला लागते. आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेनं कागदात दाबलेला चौकोन कायमचा राहतो. हस्ताक्षर बघून माणूस ओळखावा तसं जाणकार हा चौकोन बघून एचिंग ओळखतात.

तांब्यावर देवनागरी, तांब्यावर पळस

आपल्या भाषाबंधूंनी फूल आणि तांबं यांची गाठ फार पूर्वी घातली आहे. सतराव्या शतकात कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेड यानं मलबारच्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलाबारिकस' हा ग्रंथ तयार करून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅममध्ये निघाले. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली चित्रं आहेत. या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते, गोव्याकडून कोचीला गेलेल्या समाजातले. त्यांनी १६७५ साली दिलेलं निवेदन कोकणी भाषेत, देवनागरी अक्षरांत, पहिल्या खंडात छापलं आहे. छापील कागदावर देवनागरी दिसली त्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हा एक. ग्रंथातल्या कितीतरी चित्रांवर मल्याळम, अरबी आणि रोमन अक्षरांबरोबर वनस्पतीचं नाव देवनागरीतही कोरलेलं आहे.

पहिल्या खंडात सोनचाफा आहे. १६८६ सालच्या सहाव्या खंडात 'प्लासो' या नावानं पळस आहे. आपला पळस, सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वी तांब्यावर उतरलेला.

मराठी मुलखातही हे काम झालं. नाना फडणवीसांनी पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटच्या साहाय्यानं एका तांबटाला पत्र्यावर अक्षरं कोरून छापण्याची विद्या शिकवली. नाना १८०० साली वारले. पुढे तो कारागीर मिरजेला गेला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ साली तिथं तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्‌गीता छापली गेली. भांडी ठोकणाऱ्या हातांनी ग्रंथ छापला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात मोठ्या अक्षरांत असायला हवी.

पंचवीसच का?

आता त्या अपूर्णांकाकडे येऊ. ७/२५ म्हणजे या पत्र्यावरून चित्रकारानं एकूण पंचवीस प्रती काढल्या आणि ही त्यांतली सातवी. या पंचवीस प्रतींना मिळून एडिशन म्हणतात.

मर्यादेचं पहिलं कारण तांब्यात आहे. प्रत्येक प्रतीला पत्रा पुसला जातो आणि रुळांखालून जातो. प्रत्येक वेळी तो किंचित झिजतो. साध्या खोल रेषांचा तांब्याचा पत्रा शेकडो प्रती देऊ शकतो. अ‍ॅक्वाटिंटची जाळी त्याहून लवकर पुसट होते. आणि सुईनं थेट तांबं खरवडून काढलेल्या चित्रात, ज्याला ड्रायपॉइंट म्हणतात, खाचेच्या काठावर तांब्याचा मऊ उंचवटा उभा राहतो. त्यात शाई अडकून रेषेला मखमली कड येते. पण तो उंचवटा दाबाखाली लवकर चेपतो, म्हणून चांगल्या प्रती थोड्याच निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तांब्यावर विजेनं लोखंडाचा पातळ मुलामा देऊन पत्र्याचं आयुष्य वाढवता येऊ लागलं, आणि मग प्रश्न उभा राहिला: आता थांबायचं कुठं?

याचं उत्तर तांब्यानं दिलं नाही, चित्रकारांनी दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रतींवर क्रमांक घालण्याची आणि सही करण्याची पद्धत रूढ होत गेली. चित्रकार आधीच ठरवतो, एवढ्याच प्रती. याशिवाय थोड्या प्रती तो स्वतःसाठी ठेवतो, त्यांच्यावर ए/पी लिहिलेलं असतं, म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ. शेवटची प्रत निघाली की पत्र्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढून किंवा भोक पाडून तो रद्द करतात, पुन्हा कुणी छापू नये म्हणून. जो पत्रा घडवायला दिवस न् दिवस गेले, त्याच्यावर चित्रकार स्वतःच्या हातानं रेघ मारतो. ती रेघ म्हणजे दिलेला शब्द पाळल्याची खूण.

क्रमांक पेन्सिलीनंच का? पेन्सिलीचं ग्रॅफाइट उडत नाही, पसरत नाही, कागदाच्या तंतूंत बसतं. आणि क्रमांक म्हणजे गुणवत्तेचा क्रम नव्हे. सातवी प्रत पंचविसावीपेक्षा भारी, असं काही नसतं.

तर मग नक्कल कुठली आणि मूळ कुठलं? आपल्याकडे म्हणतात, कुठंही जा, पळसाला पानं तीनच. एडिशनला हे निम्मं लागू पडतं. पंचवीस प्रतींत डहाळी तीच, पाकळी तीच, पानं तीनच. पण प्रत्येक प्रत वेगळ्यानं शाई चोळून, वेगळ्यानं पुसून, वेगळ्या ओलीच्या कागदावर, वेगळ्या क्षणी निघालेली. पत्र्यावर चित्र उलटं आणि शाईशिवाय असतं, ते अजून चित्र झालेलंच नसतं. चित्र म्हणून जे काही आहे ते या कागदांवरच. म्हणून या पंचवीसही प्रती मूळच आहेत. एका झाडाला पंचवीस फुलं आली, तर त्यांतलं एक खरं आणि बाकीच्या नकला, असं आपण म्हणत नाही.

आपल्या शेजारचे हात

ही कला दूरदेशीची वाटत असेल तर एक नाव सांगतो: लक्ष्मा गौड. जन्म १९४०, मेदक जिल्ह्यातलं निजामपूर हे खेडं. त्या वेळी मेदक आणि नांदेड एकाच निजामी राज्यात होते. हैदराबादेत आणि मग बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या माणसानं एचिंगच्या बारीक रेषेत आपल्या गावची माणसं, शेळ्या, झाडं, वेली उभ्या केल्या. त्यांच्या चित्रांत माणूस आणि झाड एकमेकांत उगवतात. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुखेडच्या माणसाला त्यांच्या चित्रांतलं रान परकं वाटणार नाही.

आणि पळसाच्या केशरी रंगाचं काय? त्याचं उत्तरही भारतीय हातांनी शोधलं. चित्तूर जिल्ह्यातून शांतिनिकेतनमार्गे पॅरिसला गेलेले कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८) आणि मुंबईत १९२१ साली जन्मलेले, जे. जे. कलाशाळेत शिकलेले कैको मोती हे दोघे पॅरिसमध्ये स्टॅनली हेटरच्या 'अटेलिए १७' या कार्यशाळेत होते. तिथं या मंडळींनी एकाच पत्र्यावरून एकाच दाबात अनेक रंग छापण्याची रीत घडवली. तिचं गुपित स्वयंपाकघरात कळेल इतकं सोपं आहे: पातळ तेलकट शाईच्या थरावर घट्ट शाई बसत नाही, ती घसरून निघते. पत्र्यावर वेगवेगळ्या खोलीचे टप्पे करायचे. कडक रबरी रुळानं वरच्या टप्प्यावर पातळ शाई लावायची, मग मऊ रुळानं खालच्या टप्प्यापर्यंत घट्ट शाई पोचवायची. दोन रंग शेजारी राहतात, मिसळत नाहीत. याला व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग म्हणतात. पळसाची केशरी पाकळी आणि काळा पेला एकाच फेरीत कागदावर उतरतात ते असे. मुंबईच्या मुलानं आणि चित्तूरच्या मुलानं जगभरच्या छापचित्रकारांना हे शिकवलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

विकत घेताना, बघताना

आज 'लिमिटेड एडिशन' हा शब्द कशावरही लिहिलेला असतो. संगणकाच्या प्रिंटरवर छापलेल्या तैलचित्राच्या फोटोखालीही क्रमांक घातलेले दिसतात. तो फोटो सुंदर असू शकेल, पण ती छबी आहे, एचिंग नव्हे. फरक ओळखायला डोळे पुरतात. कागद उजेडाला तिरपा धरा. चित्राभोवती पत्र्याचा दबलेला चौकोन आहे का? रेषा कागदापासून किंचित वर उचललेल्या दिसतात का? भिंगातून पाहताना रेषा सलग, भरीव काळी आहे, की ती निळ्या-गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांची बनलेली आहे? सही आणि क्रमांक पेन्सिलीनं आहेत की छापलेले?

आणि घरी आणलंत तर उन्हापासून आणि ओलीपासून जपा. थेट काचेला टेकवून फ्रेम करू नका. मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट असू द्या, म्हणजे पावसाळ्यात कागद काचेला चिकटणार नाही.

एडिशनचा सगळ्यात मोठा गुण मला असा वाटतो: एकच मूळ चित्र एका श्रीमंताच्या घरी जातं, पण पंचवीस मूळ चित्रं पंचवीस घरी जातात. खर्च वाटला जातो. म्हणून शाळेतल्या शिक्षकाला, दवाखान्यातल्या डॉक्टरला, बाजारपेठेतल्या दुकानदारालाही एका खऱ्या चित्रकाराच्या हातचं खरं चित्र घेणं आवाक्यात येतं. मर्यादा इथं कुणाला दूर ठेवण्यासाठी घातलेली नाही. प्रत्येक प्रतीला माणसाचा हात लागावा एवढ्यासाठी ती आहे.

मुखेडच्या चित्रकला शिक्षकांना एक विनंती. येत्या फाल्गुनात मुलांना माळावर न्या, पळस दाखवा, आणि परत येऊन त्यांना सांगा की हे फूल १६८६ साली तांब्यावर उतरलं होतं. मग त्यांच्या हातात एक सुई आणि जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा द्या. प्लॅस्टिक खरवडूनही ड्रायपॉइंट होतो, आम्ल लागत नाही. रेघांमध्ये शाई भरायची, वरची पुसायची, दमट कागद ठेवून मोठ्या माणसानं चमच्याच्या पाठीनं जोर लावून घासायचं. रेषा फिकट येतील, काही तुटतील. पण कागद उचलताना मुलांचे चेहरे बघा. आणि शेवटी प्रत्येकाला पेन्सिल देऊन, आपापल्या फुलाखाली डाव्या हाताला, आपण किती प्रती काढल्या आणि ही कितवी, ते खरं खरं लिहायला सांगा.